त्याला वीकनेस म्हणू नका

माझ्यासमोर कुणी ‘वीकनेस’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरात आता हा शब्द कुणी काढत नाही. मुलगी कॉलेजातून दमून आली तर ‘कंटाळा आलाय’ म्हणते, ‘झोप येतेय’ म्हणते, पण त्या शब्दाला शिवत नाही. एकदा नवऱ्याच्या तोंडून चुकून निघाला, तेव्हा तव्यावरची चपाती तशीच सोडून मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. चपाती जळली. सासूबाई म्हणाल्या, एका शब्दापायी एवढं? हो, एवढं.

पिंपरीपासून चाकणपर्यंत आमच्याकडे हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. ताप येऊन गेला, वीकनेस. डबल शिफ्ट केली, वीकनेस. नवी सून सकाळी उशिरा उठली तर तिलाही वीकनेस, फक्त तो जरा नाक मुरडून म्हणायचा. शब्द साहेबाचा, पण अर्थ आम्ही आमचा लावून घेतलाय: माणूस थोडं दमलंय, रक्त कमी आहे, एक सलाईन चढवली की झालं. मीही तोच अर्थ लावत होते. माझे हातपाय जायला लागले तेव्हा सगळ्यात आधी हा शब्द मीच उच्चारला होता. मग तो सगळ्यांनी उचलला आणि माझ्या अंगावर असा काही टाकला की खाली काय चाललंय ते कुणाला दिसेना.

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या कंपनीत आहे. गाडीच्या आत दिव्यापासून हॉर्नपर्यंत वायरींचं जे जाळं असतं ते आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे बायकाच. बायकांची बोटं नाजूक असतात म्हणून कंपनी बायका घेते, असं साहेब पाहुण्यांना सांगतात. नाजूक! यांनी एक शिफ्ट उभं राहून दाखवावं. वायरीच्या टोकाला धातूचं छोटं टर्मिनल असतं, ते प्लास्टिकच्या कनेक्टरच्या भोकात बसवायचं. ढकलायचं, आत ‘टक’ होतो, मग वायर हलकेच ओढून बघायची. ढकल, टक, ओढ. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, आणि रिटायर होईपर्यंत करायचं तेही हेच. शॉपमध्ये, म्हणजे आमच्या कामाच्या हॉलमध्ये, इतका गोंगाट असतो की तो टक कानाला ऐकूच येत नाही. तो बोटाला कळतो. अंगठ्याला घट्टा पडला तरी त्या घट्ट्यातूनही कळतो.

कॉन्ट्रॅक्टवर बरीच वर्षं घासल्यावर मी पर्मनंट झाले होते आणि लाइनवरचा सगळ्यात मोठ्या कनेक्टरचा बोर्ड, म्हणजे तो भरायची जागा, माझ्याकडे होता. त्या कनेक्टरला भोकं जास्त, वायरी एकसारख्या रंगांच्या, आणि लाइन काही कुणासाठी थांबत नाही. नवीन मुलींना तो बोर्ड दिला की त्या रडायच्या. मी गप्पा मारत करायचे. मिरवण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, ना शिक्षण, ना रूप. तो बोर्ड होता. आजारपणात मला दुसरं काही परत नको होतं, तो बोर्ड हवा होता, हे आधीच सांगून ठेवते.

झालं असं की आमच्या लाइनवर व्हायरलची साथ आली. एकीला झालं, मग बसमध्ये शेजारी बसणारीला, मग मला. अंग दुखलं, ताप चढला, गोळ्या घेतल्या, उतरला. सुट्ट्या संपवून कामावर गेले. आठवडा-दीड आठवडा बरा गेला. मग बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. पायाच्या बोटांनाही. आधी वाटलं, चपला घट्ट होतायत.

मग एके दिवशी बोर्डावर मी टर्मिनल ढकललं आणि मला टक कळला नाही. पुन्हा ढकललं. बसलं होतं की नव्हतं, मला सांगता येईना. जाड हातमोजा घालून भाजी चिरतोय असं काहीतरी वाटत होतं. त्या दिवशी माझ्या बोर्डावरून गेलेले पीस परत आले. असं कधी झालं नव्हतं.

सुपरवायझर लातूरकडचा, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. आला आणि म्हणाला, “ताई, काय व्हायलंय तुम्हाला? तुमचा पीस वापस आलेला मी कधी बघितला नाही.”

“वीकनेस आहे रे,” मी म्हटलं. “व्हायरल झालं होतं ना.”

“मग सलाईन लावून घ्या की एक.”

बघा, इथेच सगळं ठरून गेलं. मी ‘बोटाला कळत नाहीये’ म्हणाले असते तर कदाचित त्यानं डोळे मोठे केले असते. मी वीकनेस म्हटलं आणि त्याचं समाधान झालं. माझंही झालं.

आमच्या घराजवळचा डॉक्टर मोठा माणूस. मोठा म्हणजे त्याच्याकडे गर्दी मोठी. बाहेर बाकावर माणसं, आतल्या खोलीत कॉटवर माणसं, प्रत्येकाच्या हाताला बाटली. आमच्याकडे पेशंट स्वतःच सांगतो, डॉक्टर, एक सलाईन लावा. न लावणारा डॉक्टर लोकांना आवडत नाही, त्याच्याकडे गुण येत नाही म्हणतात. या डॉक्टरकडे सगळ्यांना गुण यायचा. त्यानं खुर्चीतून न उठता मला विचारलं, “काय होतंय?”

“वीकनेस.”

“व्हायरल होऊन गेलं?”

“हो.”

“मग राहणारच वीकनेस.”

संपली तपासणी. पिवळ्या रंगाची बाटली चढली. त्या पिवळ्या रंगावर आमच्या लोकांचा फार विश्वास, पांढऱ्यापेक्षा पिवळी पॉवरफुल. मी कॉटवर पडून छताकडे बघत होते आणि मला खरंच बरं वाटत होतं, कारण त्या निमित्तानं आडवं व्हायला मिळालं होतं. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा भिंतीला धरत गेले. पुन्हा पिवळी. त्यानंतर गेले ती नवऱ्याच्या खांद्याला लटकून. तरीही तो माणूस खुर्चीतून उठला नाही. नवऱ्याला म्हणाला, “यांना खायला घाला जरा. बायका स्वतःकडे लक्ष देत नाहीत.” नवऱ्यानं मान डोलावली आणि येताना डाळिंबं घेतली.

मला आता नवल वाटतं ते या सगळ्यांच्या प्रेमाचं. कुणी माझं वाईट चिंतलं नाही. सासूबाईंनी बीट किसून दिलं. “रगत न्हाई राह्यलं अंगात,” म्हणाल्या, आणि ते लाल पाणी मी नाक दाबून प्यायले. शेजारणीनं नाचणीचं सत्त्व आणलं. कंपनीच्या बसची पायरी मला चढता येईना, तर मागच्या पोरींनी मला ढकलून वर घेतलं आणि हसत म्हणाल्या, “मावशी, वीकनेस लई झालाय, मटण खा.” मीपण हसले. दांडा धरायला गेले तर हात घसरला.

रविवारी विहारात वंदनेला गेले. नवरा नको म्हणत होता, पण मी चुकवत नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मी गुडघे टेकून पंचांग प्रणाम केला, कपाळ जमिनीला लावलं, आणि मला वर येता येईना. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्या उठून बसल्या, मी तशीच. माझ्या मागच्या बाईला वाटलं, मी फारच मनोभावे नमस्कार करतेय. मग कुणीतरी हात लावला आणि दोघींनी मला काखेत धरून बसवलं. “वीकनेस आहे हो तिला,” एकीनं बाकीच्यांना सांगितलं. सगळ्यांनी ‘हां हां’ केलं आणि खिरीच्या वाट्या वाटायला घेतल्या. मला हुंदका आला. तो रडण्याचा नव्हता, संतापाचा होता. माणूस जमिनीवरून उठू शकत नाही, बायांनो, आणि तुम्ही हां हां काय करता? पण मी तोंड उघडलं नाही. मलाही दुसरा शब्द येत नव्हता ना.

दोन दिवसांनी सकाळी चहा पिताना तो ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर सांडला. मुलगी म्हणाली, “मम्मी, तुझा एक डोळा मिटतच नाहीये.” तेव्हा कुठे घर घाबरलं. सासूबाई म्हणाल्या, वारं गेलं अंगावरून, गावाकडं तेल देणारा आहे, त्याच्याकडे न्या. नवरा त्या दिवशी पहिल्यांदा आईच्या अंगावर ओरडला. मला उचलून रिक्षात घातलं आणि थेट मोठ्या दवाखान्यात.

तिथेही दारातच तो शब्द उभा होता. नवऱ्यानं खिडकीतल्या माणसाला सांगितलं, “पेशंटला फार वीकनेस आहे.” त्या माणसानं पापणीही न हलवता आम्हाला बाकाकडे बोट दाखवलं. व्हायरलच्या दिवसांत वीकनेसची माणसं तिथे रांगेनं बसलेली असतात. मी नवऱ्याच्या अंगावर रेलून बसले. दम लागत होता. उभं राहून नाही, बसून दम लागत होता. मला वाटलं, मी इथेच बाकावर संपणार आणि हे लोक माझ्या मरणालाही वीकनेस म्हणणार.

शेवटी आत गेलो. एक तरुण डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस कसेतरी बांधलेले. नवऱ्यानं पुन्हा सुरू केलं, मॅडम, वीकनेस. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

“वीकनेस राहू द्या. यांना काय काय करता येत नाही ते सांगा.”

इतके दिवस इतकी माणसं मला बघून गेली. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि तो विचारल्याबरोबर माझ्या तोंडून धबाधबा यायला लागलं, अर्धं तोंड वाकडं असताना. अॅप्रनची बटणं लावता येत नाहीत. बाटलीचं झाकण फिरवता येत नाही. बसची पायरी चढता येत नाही. खाली बसलं तर उठता येत नाही. कुशीवर वळता येत नाही. टर्मिनल बसवता येत नाही. टर्मिनल म्हणजे काय ते तिला कळलं नसणार, पण तिनं मान हलवली. मग छोट्या रबरी हातोडीनं गुडघ्याखाली ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर ठोकलं. तोही नाही. तिचा चेहरा बदलला. ती खुर्चीवरून उठली आणि बाहेर जाऊन कुणालातरी मोठ्यानं हाक मारली. कुणीतरी माझ्यासाठी खुर्चीवरून उठलं, हे मला आजही आठवतं.

आजाराचं नाव जीबीएस. पूर्ण नाव लांबलचक आहे, ते अजून माझ्या जिभेवर बसत नाही. तिनं आम्हाला समजावलं ते असं: तापाच्या विषाणूशी लढायला शरीरानं जे तयार केलं, ते विषाणू संपला तरी थांबलं नाही, ते माझ्याच नसांवर चालून गेलं. “विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं ना,” ती म्हणाली, “तसं नसांवरही वेष्टण असतं. ते सोललं गेलंय. त्यामुळे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही.” मी हसले. अर्धंच हसता आलं. मला वायर समजावून सांगत होती! सोललेली वायर आली तर आम्ही काय करतो ते मला ठाऊक होतं. रिजेक्टच्या लाल पेटीत टाकतो. ते मी तिला सांगितलं नाही, पण त्या क्षणी मला पहिल्यांदा माझ्या बोर्डाची भीती वाटली.

आयसीयूतल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. खऱ्या औषधाच्या बाटल्या तिथे चढल्या. एका दमात किती आकडे म्हणता येतात ते नर्स येऊन येऊन बघायची, आणि ते कमी कमी होत गेले. श्वासाचं मशीन कॉटशेजारी आणून उभं केलं होतं. ते लावायची वेळ आली नाही, एवढंच. भेटीच्या वेळेला नातेवाईक काचेच्या उघड्या दाराशी उभे राहायचे. मला सगळं ऐकू येत होतं, आजार कानाला शिवत नाही. माझी जाऊ मोबाईलवर कुणाला तरी सांगत होती, “काही नाही ओ, वीकनेसच जास्त झाला. खात नाही ना ती.” मला ओरडायचं होतं. ओठ हलले तेवढे हलले. माणसाला आतून इतका राग आलेला असताना तोंडावर काहीच दिसू नये, यासारखी दुसरी शिक्षा नाही. नर्स म्हणाली, “मावशी किती शांत आहेत.”

मग हळूहळू उतरायला लागलं. आधी चेहरा परत आला, मग खांदे, मांड्या. डॉक्टरीण म्हणाली होती, नस मुळाकडून दुरुस्त होत येते, बोटांना शेवटी पोचेल, महिने लागतील, थोडं राहूनही जाईल. घरी आल्यावर मी भिंतीला धरून चालायला शिकले. फिजिओथेरपीची मुलगी मला कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला सांगायची. मी घरातले सगळे चिमटे लावायचे आणि काढायचे. एकही कपडा नसलेली दोरी आणि तिच्यावर ओळीनं चिमटे. शेजारचे बघून जायचे. “हातपाय गाळू नका हां,” एक गृहस्थ म्हणाले. मी म्हटलं, “काका, गाळले नव्हते. गळाले होते.” त्यांना ते काही कळलं नाही.

रस्त्यापर्यंत चालता यायला लागल्यावर मी पहिल्यांदा कुठे गेले असेन, तर त्या पिवळ्या बाटल्यांच्या डॉक्टरकडे. नवऱ्याला सांगितलं नाही. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, काय काय बोलायचं ते. आत शिरले तर त्यानं खुर्चीतूनच हात पसरले. “अरे वा! बऱ्या झालात! गेला ना वीकनेस?”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “डॉक्टर, मी आयसीयूत होते,” मी म्हटलं. तो म्हणाला, “हो का? व्हायरल हल्ली फार बेकार आहे.” आणि बेल दाबून पुढच्या पेशंटला बोलावलं. जुळवून ठेवलेलं सगळं तसंच घेऊन मी वळले. बाहेर आले तर बाकावर ओळीनं माणसं बसलेली, सगळी चिडीचूप, सगळी बाटलीची वाट बघत. मला राहवलं नाही. पहिल्याच बाईसमोर जाऊन उभी राहिले. “बाई, उठून दाखवा बरं. हात न टेकता.” ती घाबरून उठली. नीट उठली. दुसऱ्याला म्हटलं, “दादा, तुम्ही उठा.” तोही उठला. तिसरा म्हणाला, कशाला उठू, माझा नंबर जाईल. कंपाउंडरनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. “ताई, डोक्यावर परिणाम झालाय का?” असं तो हळूच म्हणाला. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

कंपनीत परत गेले तेव्हा सगळ्यांनी मिठ्या मारल्या. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला पॅकिंगला टाकू. हलकं काम. बसून स्टिकर लावायचे.” मी म्हटलं, मला माझा बोर्ड द्या. त्या म्हणाल्या, वीकनेस आहे, थोडं सांभाळून. त्या शब्दानं मी पेटले. टेबलावरचं पेन उचललं, त्याचं टोपण काढलं, लावलं, काढलं, लावलं. “दिसतोय का वीकनेस?” मॅडम बघतच राहिल्या. टोपण मी दोन्ही वेळा तळहातानं दाबलं होतं, अंगठ्यानं नाही. ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

बोर्ड मिळाला. पहिल्या दिवशी मी त्याच्यावरून हात फिरवला. टक मला पुरता कळत नव्हता, पण थोडा थोडा कळायचा, म्हणजे मला तसं वाटायचं. वायर ओढून बघायचे तीही नुसती हात लावल्यासारखी. आठवडा गेला, दोन गेले. एकही पीस परत आला नाही. सुपरवायझर म्हणाला, “ताई, तुम्ही तर पहिल्यासारख्याच झालात.” घरी येऊन मी हे मुलीला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना पुन्हा सांगितलं. त्या दिवसांत मी घरात गुणगुणत होते म्हणतात. मला आठवत नाही, पण असेनही.

माझ्या पुढच्या बोर्डावर माझी मैत्रीण असते. चाकणजवळच्याच गावातली, शेती गेली तशी कंपनीत आली. आम्ही एकाच वर्षी लागलो, डबा एकत्र खातो. मी आजारी असताना दवाखान्यात सगळ्यात जास्त वेळा तीच आली होती. एक दिवस डबा खाताना तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. पट्टीखाली अंगठा सुजलेला. “काय झालं?” तर म्हणाली, “काय न्हाई, खरचटलं.” जेवून परत उभ्या राहिलो. काय मनात आलं कुणास ठाऊक, माझा कनेक्टर पुढे सरकल्यावर मी मान वळवून बघितलं. तिनं स्वतःच्या वायरींना हात लावण्याआधी माझ्या कनेक्टरवर अंगठा ठेवला आणि माझं एकेक टर्मिनल दाबत गेली. भराभरा, सवयीनं. बरीचशी तेव्हा कुठे पुरती आत गेली.

मी ओरडलेच. “काय करतेस?”

तिनं हात काढून घेतला. चोरी पकडल्यासारखी उभी राहिली.

“कधीपासून?”

“तू आल्यापासून,” ती म्हणाली. “अगं, मला वाटलं, वीकनेस हाय तुला, होईल चार दिसांत बरं. म्हून न्हाई बोलले.”

तिला थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, हे खरं सांगते. पोटच्या पोरीला इतकं कुणी जपणार नाही असं जिनं मला जपलं, तिला. स्वतःचा अंगठा फोडून तिनं मला महिनाभर खोट्या आनंदात ठेवलं होतं. त्या डॉक्टरनं पिवळी बाटली दिली, हिनं अंगठा दिला. मला कुणीही सांगितलं नाही की बाई, तुझं टर्मिनल बसत नाहीये. दोघींसमोरून कनेक्टर सरकत होते, बोलायला वेळ नव्हता. मी तिला म्हटलं, “यापुढे हात लावशील तर याद राख.”

“व्हय गं, न्हाई लावत,” ती म्हणाली आणि डोळे पुसले.

पुढच्या कनेक्टरवर मी जीव ओतला. एकेक टर्मिनल अंगठ्यानं ढकललं, अंगठा थरथरायला लागला तर दुसरा हात त्याच्यावर ठेवून ढकललं. मग वायर मुठीत धरून नीट ओढून बघितली. पहिलं राहिलं. दुसरं माझ्या हातात आलं. तिसरं राहिलं, पण त्याच्या पुढचं आलं. अर्धवट बसलेलं टर्मिनल फार लबाड असतं. शेवटी टेस्टिंगला लावलं तर टेकलेलं असतं म्हणून दिवा लागतो, पीस पास होतो, गाडीत बसतो, आणि मग कधीतरी रस्त्यावर खड्ड्यात चाक आदळलं की सुटतं. त्या वेळी गाडीचे दिवे जातील, की ब्रेकचा निरोप जाईल, कुणी सांगावं. मैत्रिणीनं हात मागे बांधून घेतले होते. माझा कनेक्टर सरकत तिच्यापुढे गेला. तिनं माझ्याकडे बघितलं.

खांबावरचं लाल बटण मी दाबलं.

लाइन थांबली. एवढा मोठा शॉप, पण आमच्या बाजूला एकदम सामसूम झाली. सुपरवायझर धावत आला. “ताई, काय झालं? चक्कर आली का? वीकनेस...”

“माझ्या अंगठ्यात जोर नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, तो चढू दिला. “मला टर्मिनल बसवता येत नाही. मी आल्यापासून एकही पीस मी नीट बनवलेला नाही. ही दाबते म्हणून पास होतायत. हिचा अंगठा बघ. मला चक्कर आलेली नाही, मी दमलेले नाही, मी जेवले आहे. मला हे करता येत नाही. ऐकू आलं का?”

सगळ्यांना ऐकू आलं. तो म्हणाला, “आलं, ताई.” मग त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि नुकत्याच लागलेल्या एका मुलीला हाक मारली. ती माझ्या बोर्डासमोर उभी राहिली, घाबरत माझ्याकडे बघून ‘सॉरी’ म्हणाली, आणि त्यानं बटण सोडवून लाइन सुरू केली. मला पॅकिंगला जायचं होतं. मी गेले नाही लगेच. तिच्या मागे उभी राहून तिची बोटं बघत राहिले. तिच्याकडून एक तरी टर्मिनल चुकावं असं मला मनापासून वाटत होतं. एकही चुकलं नाही.